पिवळ्या पिशव्या उचलणारा गोह

आमच्या अंकाच्या संपादक वयाने माझ्या मुलीएवढ्या आहेत. फोनवर म्हणाल्या, "काका, तुमच्या नोकरीवर लिहा ना. फक्त दिवाळीचा अंक आहे, तेव्हा जरा हलकंफुलकं असू द्या. हॉस्पिटलच्या कचऱ्यात गमतीजमती खूप घडत असतील."

मी हो म्हणालो. मग बरेच दिवस गमती आठवत बसलो. आठवलं ते हे असं आहे. फराळाचं ताट बाजूला ठेवून वाचलंत तर बरं.

मी केमिकल इंजिनिअर. पुण्यात शिकलो, अंबरनाथच्या कारखान्यात काही वर्षं काढली आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी सिंगापुरात आलो तो थेट तुआसच्या एका भट्टीवर. इथली आपली बहुतेक मंडळी तांजोंग पगारच्या बँकांत, नाहीतर चांगी बिझनेस पार्कमध्ये संगणकासमोर. कुणाच्या घरी पहिल्यांदा गेलं की विचारायचे, "तुम्ही कुठल्या बँकेत?" मी तोंड उघडायच्या आत माझी बायको मेधा सांगून टाकायची, "हे एन्व्हायर्न्मेंटमध्ये आहेत." समोरच्याच्या चेहऱ्यावर झाडंबिडं उमटायची. मीही ती तशीच राहू द्यायचो.

खरं काम असं. रुग्णालयातून दोन तऱ्हेचा कचरा निघतो. एक तुमच्या-आमच्या घरासारखा: कागद, खोकी, केळ्याच्या साली. दुसरा म्हणजे रक्ता-पुवाच्या पट्ट्या, नळ्या, सुया, कापून काढलेले अवयव. हा दुसरा पिवळ्या पिशव्यांत भरतात. सुयांना वेगळा कडक प्लॅस्टिकचा डबा, ज्याचं झाकण एकदा बसलं की पुन्हा उघडत नाही. पिशवी पाऊण भरली की थांबायचं, तोंडाला पीळ द्यायचा, दुमडायचं आणि घट्ट बांधायचं. उचलताना मानेला धरून अंगापासून लांब. गोणीसारखी छातीशी धरली आणि आत एखाद्या आळशी माणसाने टाकलेली सुई असली, तर ती तुमच्या मांडीत शिरते. मग बंद गाडीतून भट्टीकडे. भट्टीला दोन कप्पे. पहिल्यात कचरा जळतो, दुसऱ्यात त्याचा धूर पुन्हा जाळायचा, हजार अंशांच्या वर. तो धूर धुऊन मगच आकाशात सोडायचा. उरलेली राख सेमाकाऊ बेटावर जाते. सगळ्या शहराची राख तिथेच जाते.

या गाड्यांवरच्या ड्रायव्हरांत सर्वांत जुना गोह. मी रुजू झालो तेव्हाच पन्नाशीला टेकलेला, किडकिडीत, लग्न न केलेला. थोरला भाऊ, वहिनी आणि म्हातारी आई यांच्याबरोबर आंग मो कियोमधल्या एका सरकारी इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायचा. घरात होक्किएन ही चिनी बोली बोलायचे. इंग्रजी त्याने रस्त्यावर उचललेलं, पण त्याचं काही अडत नसे.

त्याच्याविषयी माझं मत पहिल्याच वर्षी झालं. एका रुग्णालयाच्या मागच्या दाराशी आम्ही माल भरत होतो. एक म्हातारी बाई आली आणि गाडीसमोर उभी राहिली. तिच्या नवऱ्याचा पाय मधुमेहाने सडल्यामुळे आदल्या दिवशी कापला होता. पाय परत मागायला ती आली नव्हती. मुलाने आधीच सही देऊन टाकली होती. तिला एवढंच विचारायचं होतं, की पाय कुठे जाणार? उदबत्ती कुठल्या दिशेला लावू?

मी नियमांची भाषा जुळवत होतो. गोहने हातमोजे काढले, टोपी काढली आणि तिला होक्किएनमध्ये सगळं सांगितलं. आधी आग, मग राख, मग बेट. म्हातारीने ऐकून घेतलं. मग काहीतरी पुटपुटली, गोहने तिला उत्तर दिलं आणि ती निघून गेली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, त्यांना समुद्र कधी आवडला नाही." गोहने मोजे पुन्हा चढवले. "मी म्हटलं, आंटी, एकच पाय आहे, जास्त लांब नाही जाणार."

ही या लेखातली एकमेव गंमत. आता पुढचं.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये सार्स आला. नव्या पिढीला तो आठवत नसेल. श्वासाचा रोग, औषध नाही, डॉक्टर आणि नर्सच आधी आजारी पडत होते. शाळा बंद झाल्या. ऑफिसच्या दारात ताप मोजू लागले. एमआरटीत कुणी खोकलं तर डबा रिकामा व्हायचा.

रुग्णालयांत रुग्णाला स्पर्श झालेली प्रत्येक वस्तू पिवळ्या पिशवीत जाऊ लागली. आधी फक्त पट्ट्या नि नळ्या यायच्या. आता गाऊन, मास्क, चपला, वर्तमानपत्रं, जेवणाचे ट्रे, ट्रेमधला उरलेला भात आणि सूपसुद्धा. पिशवीत पिशवी, दोन थर. गाड्यांच्या फेऱ्या दुपटीहून जास्त झाल्या. भट्टीला ओला भात चालत नाही, आच खाली येते. आच खाली आली की दुसऱ्या कप्प्यात धूर नीट जळत नाही. मी काचेच्या खिडकीपाशी उभा राहून ओलं-सुकं मिसळून टाकायला सांगायचो आणि तापमानाच्या काट्याकडे देव्हाऱ्यासारखा बघायचो.

त्यातच भट्टीत मधूनमधून धाड-धाड आवाज येऊ लागले. पहिल्यांदा आम्ही सगळे मागे पळालो. राख काढली तेव्हा उलगडा झाला. चिनी घरांतून आजारी माणसाला थर्मासमधून सूप पाठवतात. नातेवाइकांना आत सोडत नव्हते, पण दारात ठेवलेले थर्मास आत जात होते. आत गेलेली वस्तू बाहेर येणार नाही, हा नियम. तेव्हा सूप प्यायलं की थर्मास पिवळ्या पिशवीत. बंद थर्मास तापला की फुटायचा. राखेत चेपलेल्या स्टीलच्या नळकांड्यांचा ढीग लागायचा.

आमची माणसं तोंडाला घट्ट बसणारा मास्क, गाऊन आणि दुहेरी मोजे घालून त्या उकाड्यात राबत होती. दिवसातून दोनदा ताप मोजायचा. ही सगळी काळजी आम्ही घेत होतो. लोक मात्र आमच्यापासून स्वतःची काळजी घेऊ लागले. गाडीवर धोक्याचं काळं चिन्ह रंगवलेलं असतं. सिग्नलला शेजारचे मोटरवाले काचा वर करायचे. गोह ज्या हॉकर सेंटरमध्ये वर्षानुवर्षं नूडल्स खायचा, तिथल्या टपरीच्या मालकाने त्याला सांगितलं, "अंकल, बसू नको. मागून ये, पिशवीत बांधून देतो."

माझ्याही घरी फोन आला. जुरोंग ईस्टच्या आम्ही काही मराठी कुटुंबांनी दर गुढीपाडव्याला एकत्र जेवायचं ठरवलेलं होतं. त्या वर्षी शिरीषच्या कॉन्डोत होतं. शिरीष म्हणजे बँकेतला, माझा इथला सर्वांत जवळचा मित्र. आमच्या मुली एका वर्गात.

"अरे, रागावू नकोस," तो म्हणाला. "यंदा तुम्ही नाही आलात तर... म्हणजे तुझ्याबद्दल काही नाही रे. पण लहान मुलं असतात. दोघातिघांनी विचारलं, दिघे येणार आहेत का म्हणून."

"कोणी विचारलं?"

"ते जाऊ दे ना."

"शिरीष, मी भट्टीवर असतो. तिथे हजार अंशांत काही जिवंत राहत नाही. तुझ्या बँकेच्या लिफ्टमध्ये धोका जास्त आहे."

"मला पटतंय रे. पण लोकांना कसं समजावू?"

लोकांना म्हणजे कोणाला, ते मी पुढे विचारलं नाही. आमची सई नवीन फ्रॉक घालून बसली होती. तिलाही शिरीषच्या मुलीचा फोन आला होता. "बाबा, अदिती सेज कॅनॉट कम, ला," एवढं म्हणून तिने फ्रॉक बदलला. मेधाने श्रीखंड केलं होतं ते आम्ही तिघांनी खाल्लं. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं.

गोहने काय केलं ते मला नंतर कळलं. सार्सची पहिली गाडी भरली त्याच दिवशी तो घरातून बाहेर पडला, आणि तेही स्वतःहून. आईला दम्याचा त्रास होता. तो डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीत बाकावर झोपू लागला. रोज संध्याकाळी अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून तो बसने आंग मो कियोला जायचा आणि इमारतीखाली उभा राहायचा. वर चौथ्या मजल्याच्या गॅलरीत म्हातारी यायची. दोघं ओरडून बोलायचे. जेवलास का. औषध घेतलंस का. वर ये म्हणायची ती, आणि हा म्हणायचा, आता नको. मग शेजाऱ्यांनी भावाकडे तक्रार केली, की तो कचऱ्याच्या गाडीवाला रोज येऊन आमच्या दारात उभा राहतो. भावाने फोन करून सांगितलं, खालीसुद्धा येऊ नकोस.

त्यानंतर तो रस्त्याच्या पलीकडच्या बसथांब्यावर उभा राहू लागला. तिथून ओरडलेलं ऐकू जात नव्हतं. दोघं नुसते हात हलवायचे.

एप्रिलच्या अखेरीस एका सकाळी गोह माझ्या खोलीच्या दाराशी आला. आत आला नाही.

"बॉस, थर्मामीटर बोलतो जास्त," तो म्हणाला. मग स्वतःच चार पावलं मागे सरला. "तू बाहेर येऊ नको."

अँब्युलन्स आली. गोह ज्या दारातून रोज पिशव्या बाहेर आणायचा त्याच रुग्णालयात त्याला आत नेलं. संशयित म्हणून वेगळ्या खोलीत ठेवलं. भेटायला बंदी, पण मोबाइल जवळ होता. पहिल्याच फोनवर त्याने सांगितलं, "आईला सांगू नका." पण भावाला आरोग्य खात्याचा फोन गेला होता. तो शेवटचा घरी कधी आला, कोणाजवळ गेला, हे त्यांना विचारणं भागच होतं. भाऊ फोनवर बोलत होता त्याच खोलीत म्हातारी बसली होती. तिने ऐकलं.

गोहची धाकटी बहीण सिउ लान बेडोकला राहायची. ती मला फोन करायची, कारण आमच्याकडून रुग्णालयात निरोप लवकर जातो अशी तिची समजूत. तिने गोहसाठी भाताची पेज थर्मासमधून पाठवली. दुसऱ्या दिवशी विचारलं, "थर्मास कधी परत मिळेल? आईचा आहे. लाल झाकणाचा. ती विचारत होती."

"चौकशी करतो," मी म्हणालो. तेवढंच म्हणू शकलो. त्या दिवशीही भट्टीत धाड-धाड आवाज झाले.

आणि म्हातारी गेली. सकाळी उठलीच नाही. दमा, वय, हृदय, डॉक्टरांनी जे लिहायचं ते लिहिलं. तिला सार्स नव्हता, तिच्या घरात कुणालाच नव्हता. पण तिच्या मुलाला झालाय असं मानून ती गेली.

चिनी लोकांत मृतदेह काही दिवस इमारतीच्या तळमजल्याच्या मोकळ्या जागेत ठेवतात, मंडप घालतात. लोक येतात, गोल टेबलांशी बसतात, शेंगदाणे खातात. मी दुपारी गेलो. मंडपात टेबलं मांडलेली होती आणि जवळजवळ सगळी रिकामी. शेजारची माणसं लिफ्टकडे जाताना वळसा घालून जात होती. भाऊ पुढे आला. अंगावर जाड्याभरड्या कापडाचा सुतकाचा वेश, तोंडावर मास्क.

"तुम्ही त्याच्याच कंपनीचे?"

"हो. मी त्याचा मॅनेजर."

"मग तिथेच थांबा." त्याने मंडपाच्या बाहेरची एक खुर्ची दाखवली. "आधीच कुणी येत नाही. तुम्हाला आत पाहिलं तर उद्या कोणीच येणार नाही."

मी खुर्चीवर बसलो. तिकडे येणाऱ्या प्रत्येकाला लाल दोरा देतात, अशुभ मागे लागू नये म्हणून. भावाने तो माझ्या हातात दिला नाही. खुर्चीपासून थोडा दूर जमिनीवर ठेवला आणि मागे सरकला. मी तो वाकून उचलला.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. गोह होता.

"बॉस, तू तिथे आहेस?"

"आहे."

"जवळ आहेस?"

मंडपात टाळ-घंटा वाजत होत्या, त्या त्याला ऐकू गेल्याच असतील. मी म्हणालो, "जवळच आहे."

"फोन तिच्याजवळ धर. दोन मिनिटं. कॅन?"

मी उठून उभा राहिलो. भावाने हात आडवा केला. मी काही बोलणार तोच सिउ लान आतून आली. तिने कुणाला काही विचारलं नाही. टेबलावरची शेंगदाण्यांची प्लॅस्टिकची पिशवी रिकामी केली, माझा फोन तिच्यात घालायला लावला आणि पिशवीसकट घेऊन गेली. शवपेटीच्या डोक्याकडे जाऊन तिने तो चेहऱ्यावरच्या काचेपाशी धरला. मंत्र म्हणणारा बुवा थांबला. मला बाहेरून गोहचा आवाज फक्त एखाद्या किड्याच्या किरकिरीएवढा येत होता. होक्किएन मला समजत नाही. मध्येच आवाज बंद झाला आणि बराच वेळ काहीच आलं नाही, तरी सिउ लानने हात हलवला नाही. भाऊ पाठ फिरवून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. त्या माणसाचा मला राग होता, अजून आहे. पण त्याची पाठ मी पाहिली हेही खरं.

अंत्यसंस्कार मंडाईच्या दहनभूमीत झाले. नंतर काही दिवसांनी रिपोर्टांचा निकाल आला. डेंगी. सगळं शहर एका विषाणूच्या धास्तीने हात घासून घासून धूत होतं, आणि आमच्या माणसाला चावला होता साधा डास.

मी त्याला घ्यायला गेलो. तो आणखी वाळला होता. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाला, "सोमवारपासून येतो."

"थोडे दिवस थांब."

"कुठे थांबू, बॉस?"

 भावाने त्याला घरात घेतलं नव्हतं. रिपोर्ट दाखवूनही नाही. रोगाची भीती संपली होती, पण भाऊ म्हणत होता, तुझ्या बातमीने आई गेली. गोहने त्यावर कधी वाद घातला नाही. गेलांगला एक खोली भाड्याने घेतली आणि सोमवारी गाडीवर चढला.

मेच्या अखेरीस सिंगापूर सार्समुक्त झाल्याचं जाहीर झालं. लोकांनी मास्क काढले. रविवारी शिरीष पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या दारात उभा. "चल यार, झालं गेलं. मोठ्या संकटातून सुटलो सगळे." मी त्याला चहा दिला. आम्ही क्रिकेटवर बोललो. तो गेल्यावर मेधाने पुडा न उघडता कचऱ्यात टाकला. साध्या कचऱ्याच्या काळ्या पिशवीत. मी म्हटलं, अगं, अन्न आहे. ती म्हणाली, "हो का? मग सईला तूच दे, आणि कोणी पाठवलेत ते सांग." मी चहाचे कप विसळायला घेतले. शिरीष अजूनही भेटतो. तो हा अंक वाचेल. वाचावा.

त्याच सुमारास गौरव समारंभ सुरू झाले. एका रुग्णालयाने सार्समध्ये राबलेल्या बाहेरच्या कंपन्यांच्या माणसांनाही बोलावलं होतं. डॉक्टर, नर्स, सफाईवाले, आणि आम्ही. निमंत्रणं आमच्या कार्यालयात आली, 'गाडीवरच्या कर्मचाऱ्यांसाठी' असं स्पष्ट लिहून. मी गोहला सांगितलं. त्याने एक पांढरा शर्ट विकत घेतला.

आदल्या दिवशी आमच्या मालकांनी मला बोलावलं. "दिघे, मी मार्केटिंगच्या मुलांना घेऊन जातोय. तिथे फोटो येणार, मोठे लोक येणार. तुझी माणसं बोलणार काय? आणि गाड्या कोण चालवणार?"

मी भांडलो. आवाज चढवून भांडलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि मार्केटिंगच्या मुलांनाच नेलं. फोटो खरंच छान आले. आमच्या स्वागतकक्षात ते फ्रेम करून लावले होते, मी निवृत्त होईपर्यंत होते. त्यांतल्या एकानेही आयुष्यात पिवळी पिशवी उचलली नव्हती.

गोहला मी सांगितलं तेव्हा तो गाडीचा मागचा कप्पा धूत होता. त्याने पाण्याचा पाइप बंद केला, ऐकून घेतलं, पुन्हा सुरू केला. "उद्या तीन पिकअप आहेत ना, बॉस," तो म्हणाला. "मी जाणार कसा?"

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये, त्या फोननंतर, त्याने माझ्याकडे दुसऱ्यांदा आणि शेवटचं काहीतरी मागितलं. चेंग बेंग होतं, म्हणजे आपल्या पितृपक्षासारखा चिनी लोकांचा पूर्वजांना भेटायला जाण्याचा काळ. मंडाईला आईच्या अस्थी ठेवल्या होत्या. त्या दिवशी बसना फार गर्दी असते, तू गाडीने सोडशील का, असं त्याने विचारलं. मी हो म्हणालो. आम्ही दुपारी गेलो, कारण भावाचं कुटुंब सकाळी येऊन जातं हे त्याला सिउ लानने सांगितलं होतं.

भिंतीत लहान लहान चौकोनी कप्पे, प्रत्येकावर एक फोटो. म्हातारीला मी पहिल्यांदा पाहिलं ते तिथे. चेहरा गोहचाच. खाली सकाळच्या उदबत्त्यांची राख पडली होती, ती त्याने हाताने गोळा करून बाजूला केली. संत्री मांडली, एक पेस्ट्रीचा तुकडा ठेवला, उदबत्त्या पेटवून कपाळाशी धरल्या आणि बोलू लागला. फार हळू नाही, ओरडूनही नाही. समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसा. आजूबाजूला कितीतरी कुटुंबं होती, मुलं धावत होती, कुणी आमच्याकडे पाहत नव्हतं. त्याचं बोलणं लांबलं. मी थोडा मागे उभा होतो.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "एवढं काय सांगत होतास?"

त्याने खिडकीची काच खाली केली. 

"रिपोर्टचं," तो म्हणाला. "म्हटलं, निगेटिव्ह आला. तिला कोणी सांगितलंच नव्हतं ना, बॉस."